सत्तरीत घरी बसून लिहायचं तर काय काय करायचं

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला, बँकेतून रिटायर होऊन तिला सहा महिने झालेत, म्हणाली अगं आता वेळच वेळ आहे, रोज लिहायला बसते पण होत काहीच नाही, तू कसं करतेस ते सांग ना. मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली, ते राहूनच गेलं. म्हणून आता सगळं एकदाच टाइप करून ठेवते, तिलाही होईल आणि अजून कोणाला लागलं तर त्यांनाही.

मी कथा लिहिते, 45 वर्षं झाली. त्यातली 30 वर्षं नोकरी, पोरं, सासूबाईंचं आजारपण यातून वेळ काढून. आता वय 71, ठाण्याला नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर (लिफ्ट नाही) मी आणि हे, दोघंच. म्हणजे वेळ मलाही भरपूर आहे. आणि पहिली गोष्ट हीच सांगायचीय की तो भरपूर वेळच घात करतो. नोकरीत असताना पाऊण तास मिळायचा त्यात दोन पानं व्हायची, रिटायर झाल्यावर अख्खा दिवस मिळाला तर संध्याकाळपर्यंत चार ओळी, त्याही खोडलेल्या. दोन वर्षं मी स्वतःवर चिडचिड केली मग कळलं की दिवसभर लिहायला बसायचंच नाही. एक तास बसायचं. बाकीचा दिवस घरातली माणसं जगतात तसा जगायचा आणि त्याबद्दल मनाला अजिबात लावून घ्यायचं नाही.

आता तो तास कुठला ते शोधायचं कसं. एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवा आणि घरात कोणीही तुम्हाला हाक मारली, बेल वाजली, फोन आला की त्या वेळेसमोर एक रेघ मारा. माझ्या कागदावर एका मंगळवारी 23 रेघा होत्या, त्यातल्या 9 तर ह्यांच्या, चष्मा कुठे, पेपर कुठे, आज काय वार. ज्या तासासमोर रेघ नाही तो तुमचा. माझा निघाला पहाटे साडेपाच ते साडेसहा. नौपाड्यात राहणाऱ्यांना तर दुसरा पर्यायच नाहीये म्हणा, आमच्याकडे दर दोन गल्ल्यांआड एक बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि सकाळी एकदा का ब्रेकर सुरू झाला की टेबलावरची पेनं थरथरतात. आमच्या बिल्डिंगचंही चाललंय, मीटिंगा चालल्यात, तोपर्यंत पहाट आपली.

उठल्या उठल्या फोन हातात घ्यायचा नाही. हे सगळेच सांगतात आणि कोणीच ऐकत नाही, मीही ऐकत नव्हते, शेवटी फोन रात्री स्वयंपाकघरातल्या फडताळात डाळीच्या डब्यामागे चार्जिंगला ठेवायला लागले. तिथून काढायचा कंटाळा येतो आणि तेवढा कंटाळा पुरतो.

चहा मात्र आधी. दोन कप पाण्यात गवती चहाची दोन-तीन पाती गाठ मारून टाकायची, आल्याचा तुकडा ठेचून, पाणी चांगलं खळखळलं की गॅस बारीक करून मग पावडर, झाकण ठेवून दोन मिनिटं, आणि दूध वेगळं गरम करून वरून. पावडर पाण्याबरोबरच उकळत ठेवली की कडवट होतो. ह्यांना तसाच लागतो पण पहाटे ते झोपलेले असतात, त्यामुळे दिवसातला एकच चहा माझ्या मनासारखा होतो तो हा. गवती चहा गॅलरीत कुंडीत लावा, मोठी कुंडी घ्या, मुळं फार पसरतात, पाणी रोज आणि ऊन भरपूर, बाकी काही मागत नाही तो.

टेबलाबद्दल थोडं सविस्तर बोलते कारण या वयात लिहिणं अडतं ते कल्पनेपाशी नाही, कंबरेपाशी. वेगळी लेखनाची खोली वगैरे फंदात पडू नका. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेल्यावर त्याच्या खोलीत मी मोठं टेबल मांडलं, दिवा आणला, मागे पुस्तकं लावली आणि तीन महिन्यांत त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे साठले. परत डायनिंग टेबलाच्या गॅलरीकडच्या कोपऱ्यात आले, जिथे 30 वर्षं लिहिलं तिथेच. बसताना कोपर साधारण काटकोनात आलं पाहिजे, खांदे वर उचलले जात असतील तर टेबल उंच आहे, मग खुर्चीवर उशी घ्या. उशी घेतली की पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली पाट. आमचा पाट लग्नातला आहे, आता त्यावर जेवायला कोणी बसत नाही तर निदान पाय तरी बसतात. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डाव्या बाजूला, नाहीतर आपल्याच हाताची सावली ओळीवर पडते. आणि 30 मिनिटांनी उठायचंच. मी त्यावेळी डाळ लावते, तीन शिट्ट्या झाल्या की उठून गॅस बंद करायला जावंच लागतं. घड्याळाचा अलार्म बंद करून परत बसता येतं, कुकरला फसवता येत नाही.

वही 200 पानी फुलस्केप, रेघांची. महागडी चामडी कव्हरवाली वही कोणी भेट दिली असेल तर त्यात धोब्याचा हिशोब लिहा, तिच्यात कथा लिहायची हिंमत होत नाही. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं कोरं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वाचताना जे सुचेल, जे चुकलं असेल ते डाव्या पानावर त्याच ओळीच्या समोर. ही सवय मला एका जुन्या संपादकांनी लावली आणि याचे उपकार फार मोठे आहेत, खाडाखोड कमी होते आणि आपण काल काय मूर्खपणा केला होता तोही शाबूत राहतो. बोटं दुखत असतील तर बारीक पेन टाकून द्या, जाड घ्या, किंवा असलेल्या पेनाला रबरबँड गुंडाळून जाड करा. शाईचं पेन असेल तर दाब कमी लागतो, पण ते रोज वापरावं लागतं, पंधरा दिवस पडून राहिलं की शाई सुकते मग कोमट पाण्यात निब बुडवून ठेवा, आणि त्या धुतलेल्या निळ्या पाण्याने सिंक खराब झालं म्हणून बोलणी खा.

टायपिंग. हल्ली दिवाळी अंकवाले हस्तलिखित घेत नाहीत, घेतलं तरी तोंड वाकडं करतात. (पहिला दिवाळी अंक 1909 चा, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'चा, तेव्हा सगळी खिळे जुळवणी, त्या कंपोझिटरांना लेखकांची अक्षरं लावताना काय होत असेल.) टायपिंग शिकायचंच असेल तर कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट शिका, म्हणजे मराठी अक्षरांची कीबोर्डवरची एक मांडणी, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात बोटं बसतात, माझी 66 व्या वर्षी बसली. एक मात्र लक्षात ठेवा, फाइल युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं नीट दिसतात. माझ्या जुन्या 11 कथा कोपऱ्यावरच्या एका टायपिंगवाल्याने कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये करून दिल्या होत्या, त्या आता उघडल्या की मधमाश्यांनी लिहिल्यासारखं दिसतं. आणि रोजचं टाइप केलेलं स्वतःलाच मेल करायचं. पेनड्राइव्हवर विश्वास ठेवू नका, तो नेहमी नातवंडांच्या फोटोंबरोबर हरवतो.

बोलून टाइप करणं हा प्रकार सध्या सगळ्या मैत्रिणींना आवडलाय. मला अर्धा आवडतो. आठवणी, पत्रं, कोणाला श्रद्धांजली लिहायचीय, तिथे झकास. फोन समोर ठेवायचा, सावकाश बोलायचं, पंखा बंद ठेवायचा, विरामचिन्हं नंतर बसून घालायची. पण कथा बोलायला लागलं की तिचं भाषण होतं, पात्रं सगळी माझ्यासारखीच बोलायला लागतात. त्यात फोन स्वतःचं डोकं चालवतो, मी म्हटलं 'नथीतला मोती' त्याने लिहिलं 'नातीतला मोती', तसं वाईट नव्हतं म्हणा, ठेवलं मी ते एका ठिकाणी.

साडेसहाला वही बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. मग चालायला. गुडघे बरे असतील तर मासुंदा तलाव, ठाण्याचे लोक त्याला तलावपाळीच म्हणतात, फेरी मारायची, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे, जांभळी नाक्याला भाजी-फुलं उतरत असतात ती बघायची. गुडघे कुरकुरत असतील तर कचराळी तलाव बरा, महापालिकेच्या मुख्यालयाजवळ आहे, ट्रॅक सपाट आहे आणि बाकडी आहेत. कानात गाणी घालून चालू नका. लिहिणाऱ्या माणसाने तर मुळीच नाही. बाकड्यावर बसलेल्या लोकांचं बोलणं हा आपला कच्चा माल आहे, तो फुकट मिळतोय. मी एका बाकड्यापाशी बुटाची लेस बांधायला म्हणून थांबते, माझ्या बुटांना लेस नाहीत हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. परत येताना आठवड्यातून एकदा मामलेदारची मिसळ, पण कमी तिखट सांगा, आमच्या वयाला मध्यमसुद्धा दुपारभर बोलत राहते.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, चार ओळींची रोजनिशी. रात्री झोपायच्या आधी चारच ओळी, पाचवी लिहायची नाही. पहिल्या ओळीत हवा. दुसरीत बाजार, काय आलं, काय भाव होता. तिसरीत दिवसभरात कानावर पडलेलं एक वाक्य, जसंच्या तसं, सुधारायचं नाही. चौथीत कोणाचा फोन आला किंवा कोण भेटलं. आपल्या भावना, चिंतन, जीवन म्हणजे काय, असलं काही नाही, त्याने वह्या भरतात आणि नंतर वाचवत नाहीत, माझ्या चाळिशीतल्या डायऱ्या मी परवा रद्दीत घातल्या, सगळीकडे मी मी मी. या चार ओळींच्या वह्या मात्र सोन्यासारख्या आहेत. कथेत 2016 चा नोव्हेंबर हवा होता तर वही उघडली, त्यात नोटाबंदीच्या आठवड्यातली ओळ सापडली, भाजीवाली म्हणतेय 'पैसे राहू द्या, तुमचं तोंड लक्षात आहे'. असं वाक्य टेबलाशी बसून सुचत नाही हो.

डोळ्यांचं. मोतीबिंदू असेल आणि डॉक्टर म्हणत असतील तर ऑपरेशन लांबवू नका, मी दोन वर्षं लांबवलं. ऑपरेशन झाल्यावर वही उघडली तर पान पांढरंशुभ्र, मी ह्यांना म्हटलं कंपनीने कागद बदलला वाटतं, तर जुन्या वह्यांचीही पानं पांढरीच निघाली, पिवळं होतं ते माझ्या डोळ्यात. स्क्रीनवर अक्षर मोठं करा, 16 किंवा 18, लाज कसली त्यात. आणि दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फूट लांबचं काहीतरी बघायचं असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, माझ्या गॅलरीतून तेवढ्या अंतरावर समोरच्यांची वाळत घातलेली कपड्यांची दोरी येते, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे कधी आले ते मला आधी कळतं.

वाचनासाठी लायब्ररी लावाच, घरात कितीही पुस्तकं असली तरी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, आगगाडी ठाण्याला आली 1853 ला आणि 40 वर्षांनी पुस्तकं आली असं माझे सासरे सांगायचे. माझा नियम असा, एक नवं पुस्तक आणि एक पूर्वी वाचलेलं, जोडीने आणायचं. नवं 30 पानांत धरलं नाही तर सोडून द्यायचं, आता उरलीत ती वर्षं कंटाळवाण्या कादंबऱ्यांना द्यायला मी बांधील नाही.

घरातली पुस्तकं पावसाळ्यात जपावी लागतात. ठाण्याची दमट हवा पुस्तकांना अजिबात मानवत नाही. कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, दोन-तीन इंच अंतर ठेवा, विशेषतः बाहेरच्या भिंतीला ओल येते तिथे. पुस्तकं गच्च कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. बुटांच्या खोक्यातून, औषधाच्या बाटलीतून त्या छोट्या पुड्या निघतात ना ओलावा शोषणाऱ्या, त्या टाकू नका, कपाटात ठेवा. कडुलिंबाचा पाला पूर्ण सुकवून मगच ठेवायचा, ओला ठेवलात तर त्यालाच बुरशी. पाऊस संपून ऑक्टोबरचा चटका सुरू झाला की एक दिवस सगळी पुस्तकं बाहेर, कोरड्या फडक्याने पुसायची, पानं फडफडवून कसर झटकायची, कडक उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर. हा दिवस वर्षातला माझा आवडता. काम तासाभराचं असतं पण संध्याकाळ होते कारण प्रत्येक पुस्तकातून काहीतरी पडतं, एसटीचं तिकीट, सासूबाईंच्या अक्षरातली किराणाची यादी, एकदा तर 1987 सालची लाइटबिलाची पावती, ती सापडत नाही म्हणून आम्ही तेव्हा चार दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो.

दुपारी झोपा. अर्धा तास, गजर लावून, जास्त झोपलात तर रात्री घुबड. प्रॉब्लेम झोपेचा नाही, बेलचा आहे. तुम्ही घरीच असता हे एकदा बिल्डिंगला कळलं की सगळ्या मजल्यांची कुरियर तुमच्याकडे, 'काकू तुम्ही घरीच असता ना'. हो बाई, घरीच असते, पण लिहिते. हे वाक्य मी 45 वर्षांत कोणाला पटवू शकलेले नाही त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका, सरळ सांगा की डॉक्टरांनी दोन ते चार आराम सांगितलाय. लेखनाला कोणी मान देत नाही, ब्लडप्रेशरला सगळे देतात. वॉचमनला दिवाळीला थोडे जास्त द्यायचे, तो पार्सलं ठेवून घेतो.

संध्याकाळचं खरं सुख म्हणजे निसणं, सोलणं, निवडणं. विकतची निवडलेली भाजी आणू नका, हातातलं काम जाईल. वाल आदल्या रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. कथा जिथे अडली असेल ती तिथे मनात धरायची आणि वाल सोलत बसायचं. माझ्या निदान सहा कथांचे शेवट बिरड्याच्या, म्हणजे या सोललेल्या वालांच्या ताटात सुटलेत. हात गुंतलेले असले की डोकं आपोआप मोकळं होतं, आणि सुटलं नाही तरी बिरडं तर होतंच.

आणि शेवळं, ती पावसाळी रानभाजी! मृगाच्या आसपास, पहिला पाऊस पडला की येऊरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या बायका जुड्या घेऊन येतात, महिना-दीड महिना मिळतात फारतर. घेताना काकडं मागून घ्या, ती आंबट हिरवी छोटी फळं, त्यांच्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. हाताला तेल लावायचं, वरचं पान सोलून टाकायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडांच्या बिया काढून वाटायची, पाणी गाळून त्यात घालायचं, नाही मिळाली तर चिंच घाला पण हात आखडू नका. मग बिरडं किंवा कोलंबी घालून शिजवायचं. आमच्याकडे कोलंबीच, आणि ती जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून आधीच घेऊन फ्रीजरमध्ये ठेवते. भाजीवालीला शेवळं कुठे उगवतात ते विचारा, ती सांगणार नाही, पण तिचं न सांगणं ऐकण्यासारखं असतं.

घरी घरी म्हणून घरातच कुजू नका, महिन्यातून एकदा दोघांनी बाहेर पडायचं. थंडीत आम्ही ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जातो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल, आता मधे दिघा गाव स्टेशन झालंय त्यामुळे ऐरोली दुसरं, पुढे रिक्षा. ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, तिथल्या केंद्रातून बोट सुटते पण ती भरती-ओहोटीवर असते म्हणून आधी वेळ विचारून बुकिंग करा, टोपी आणि पाणी न्या. ह्यांनी बोटीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, बाथरूम कुठेय. ते आधी उरकून घ्या.

आणि ज्या दिवशी तासभर बसूनही काही होत नाही, तसे दिवस येतात, आठवड्यातून दोन तरी येतातच, त्या दिवशी मी जुन्या कथेचं एक पान नव्या वहीत हाताने उतरवून काढते. नुसती नक्कल, काही सुधारायचं नाही. हात चालू राहतो. कधीकधी उतरवता उतरवता तिसऱ्या ओळीला हात आपोआप दुसरीकडे वळतो, नाही वळला तर नाही, साडेसहाला वही बंद आणि चपला पायात.

मैत्रिणीला हे सगळं पाठवायच्या आधी कालच्या चार ओळी नमुन्याला देते, म्हणजे ती 'अगं पण नक्की काय लिहायचं' असा परत फोन करणार नाही:

उकाडा, पाऊस येतो येतो म्हणतोय, गॅलरीत मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात.
शेवळं अजून आली नाहीत, गवार 30 रुपये पाव, घेतली नाही.
तलावपाळीवर एक बाई फोनवर: 'मी रागावले नाहीये, मी फक्त जेवत नाहीये.'
बँकेतल्या मैत्रिणीचा फोन, अर्धा तास, तिचं पाऊण पान झालं, माझं अर्धं.